अर्ध्या धवल्याची कॅसेट

मुरबे गावच्या एकनाथला वाजवायची खोड होती. खोड म्हणजे कशी, तर हाताखाली येईल ते वाजलंच पाहिजे. जेवायला बसला की ताट, शाळेत गेला की बाक, देवळात गेला तर दानपेटी. त्याची आई मंजुळा सांगायची, हा पोटात असल्यापासून लाथा मारायचा आणि त्यासुद्धा ठेक्यात. आता आईच्या बोलण्यात मीठ थोडं जास्त असायचंच, पण शेजारपाजारच्यांनीही ते कधी खोटं म्हटलं नाही. त्यांच्या भिंती एकनाथच्या घराला लागून होत्या ना!

या खोडीने त्याचा समुद्र गेला. त्याचा बाप रामू सुका तांडेलाच्या बोटीवर खलाशी. तांडेल म्हणजे बोटीवरचा राजा, तो म्हणेल ती पूर्व दिशा. आणि सुका तर काय विचारता! आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर बोटीवरची माणसं दचकावीत. एक मात्र खरं, जाळं शिवावं तर त्याने. फाटलेलं जाळं तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. पावसात बोटी वर ओढल्या की ओटीवर मांडी घालून बसायचा आणि गाठ न गाठ बोटांनी सोडवायचा. कुणी म्हटलं, एवढी गुंतलीये तर कापून टाक ना, तर भडकायचा. "जाल्याला कातर लावतो तो घराला पन लावतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

तर अशा माणसाच्या बोटीवर रामू आपल्या पोराला पहिल्यांदा घेऊन गेला. पोराने काय करावं? डिझेलचा रिकामा डबा मांडीत घेतला आणि जाळं पाण्यात असेपर्यंत बडवत बसला. जाळं वर आलं तेव्हा त्यात दोन खेकडे आणि एक चप्पल. झालं! सुका तांडेलाने आकाशपाताळ एक केलं.

"रामू, ह्यो तुजा पोर हाय का देवलातली घंटा? समदं म्हावरं पलवलं यानं! परत हात धरून आनलास त तुला पन उतरवीन."

तेव्हापासून तांडेलाने त्याला नावाने हाक मारली नाही. 'डबडी' म्हणायचा. "डबडी कुठे चालली?", "डबडी शालेत जाते का?" असं. एकनाथही वस्ताद. तो पुढे गेला की मागून दोन बोटांनी दप्तरावर टकटक करायचा, हळूच, तांडेलाला ऐकू जाईल इतपतच.

समुद्र बंद म्हटल्यावर कोळ्याच्या पोराने करायचं काय? शाळा केली, पालघरला आयटीआय केलं आणि बोईसरच्या एमआयडीसीत लागला. तिथे तेव्हा पावसाळ्यात अळंबी उगवावी तसे कारखाने उगवत होते. एकनाथला मिळालेला कारखाना लोखंडी पिंपं बनवणारा, आणि काम काय, तर चेपलेल्या पिंपांचे पोचे आतून-बाहेरून हातोडीने ठोकून काढायचे. दिवसभर वाजवायचं आणि वर पगार! खोडीचा पगार मिळणारी माणसं जगात थोडी. मंजुळाने गावच्या देवीला नारळ फोडला. रामू म्हणाला, देवाने पोराच्या पदरात माप टाकलं बाबा.

याच कारखान्यात त्याला विल्फी भेटला. विल्फ्रेड, वसईकडचा, हुद्द्याने फिटर. चर्चमध्ये गिटार वाजवायचा, पण जीव अडकलेला भलतीकडेच. त्याचा चुलतभाऊ जहाजावर होता, तो परदेशातून कॅसेटी आणायचा. लांब केसांच्या गोऱ्या पोरांचं संगीत, हार्ड रॉक म्हणतात ते. एका दुपारी डबे खाऊन झाल्यावर विल्फीने टेप लावला. गिटार अशी की कुणी पत्रा कापतंय, गाणारा असा की त्याच्या पायावर पिंप पडलंय आणि मागे ढमाढम ढमाढम. शॉपमधले, म्हणजे ठोकाठोकीच्या शेडमधले, सगळे कानांवर हात ठेवून उठले. एकनाथ बसून राहिला.

"काय रे, आवडलं?" विल्फीने विचारलं.

"ह्ये तर आपलंच शॉप हाय की," एकनाथ म्हणाला. "निस्तं ठेक्यात हाय."

अशी ही मैत्री. तिसरा आला बेटेगावचा दामू. वायरमन. त्याने जुन्या रेडिओचे अवयव जोडून अँप्लिफायर बनवला, मग त्याला वाटलं एवढं केलं तर आपणही काहीतरी वाजवावं, म्हणून चार तारांची जाड आवाजाची गिटार गळ्यात घातली. एकनाथने कारखान्याच्या बाद पिंपांमधून लहानमोठे ढोल कापले, झांजेच्या जागी मंजुळाची पितळी परात टांगली. त्या परातीवरून घरात जे महाभारत झालं ते सोडून देऊ. बँडचं नाव ठेवलं 'बॉयलर'. रविवारी दामूच्या गोठ्यात सराव चालायचा. म्हैस आधी दावं तोडायची, पुढे पुढे रवंथ करत ऐकायला लागली. दामूचं म्हणणं दूध वाढलं. बायको म्हणायची, आटलं. दूध मोजायला आपण गेलो नव्हतो.

गाणी सगळी दुसऱ्यांची. विल्फी कॅसेट ऐकून शब्द उतरवायचा, जे कळायचे नाहीत तिथे आपल्या मनाचे घालायचा. ऐकणाऱ्यांनाही कळत नव्हते म्हणून चाललं. पहिला कार्यक्रम बोईसरच्या कामगार वस्तीतल्या गणपतीत झाला. तीन गाणी झाली, टाळी एक नाही. शेवटी पुढे बसलेला एक बिहारी कामगार उठून अगदी काळजीने म्हणाला, "अरे भैया, कोई जा के मसीन बंद करो, लगता है चालू छूट गया है." मांडव हसून हसून लोळला. विल्फी चार दिवस तोंड लपवून हिंडला. एकनाथ मात्र खूश. म्हणाला, "लोकं हसली तर हसली, पन उठून कोन गेला नाय."

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. मुद्द्याची गोष्ट म्हणजे पुष्पलता.

मुरब्याहून बोईसरला सकाळची एसटी जायची. तिच्यात पुष्पलता असायची, बोईसरला औषधांच्या गोळ्या पॅक करायच्या कंपनीत होती. एकनाथ उभा राहून वरचा दांडा वाजवायचा. एके दिवशी ती मागे न वळता कंडक्टरला म्हणाली, "ओ मास्तर, गाडीचा कायतरी सुटलाय काय? मघापासून खडखड येते." एसटी हसली. एकनाथचे कान लाल. दुसऱ्या दिवशी त्याने हात खिशात ठेवले. तेव्हा ती म्हणाली, "आज गाडी लय गप हाय. बरी चालत नाय वाटतं." तिथेच गडी कामातून गेला.

पुढे बोलणं वाढलं, बोलण्यात वर्ष गेलं. एकनाथने एकदा धीर करून विचारलंही. ती म्हणाली, "मना काय विचारतोस? बाबाला विचार. बाबा मना विचारील, तवा मी बोलन." आणि हसली. आता तिचा बाबा कोण? अहो, दुसरा कोण असणार! सुका तांडेल!

खलाशाचा पोर, त्यात डबडी, आणि मागणार तांडेलाची एकुलती एक लेक. नुसतं विचारायला म्हणून एकनाथ तीनदा तांडेलाच्या ओटीपर्यंत गेला आणि तीनदा "बाबाची बिडी राहिली काय हितं?" असं विचारून परत आला. रामू बिडी ओढतच नसे. तांडेल काय समजायचं ते समजला असेल, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि नकार आला तर बापाची बोटही जायची, ही भीती वेगळीच. एकनाथचा जीव असा दोन्हीकडून टांगलेला होता.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर विल्फीने टूम काढली, आपण कॅसेट काढायची. पालघरला स्टेशनजवळ नामदेवशेटचं कॅसेटचं दुकान होतं. मागच्या खोलीत भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून त्याने स्टुडिओ केला होता. तिथे भजनं व्हायची, कोळीगीतं व्हायची. नामदेवशेटने कानात कापूस घालून बॉयलरची पाच गाणी भरून घेतली. मग कापूस काढून म्हणाला, "हे बघा पोरांनो, ही पाचही दुसऱ्यांची. पालघरात यांना विचारणार कोण? एक तरी आपल्या मातीतलं घाला. नाहीतर मी हिला दुकानात ठेवणार नाही. गिऱ्हाईक मला वेडा म्हणेल."

तिघं बसले आपलं गाणं बनवायला. विल्फीने इंग्रजीत विरहगीत लिहिलं, ते वाचून त्याला स्वतःलाच रडू येईना म्हणून फाडलं. दामूने विजेच्या लपंडावावर दोन ओळी केल्या, तिसऱ्या ओळीला वीज गेली. एकनाथ पिंपावर बोटं वाजवत बसला होता. वाजवता वाजवता म्हणाला, "आनंदीआयचा धवला घालूया का?"

आनंदीआय मुरब्याची धवलारीण. लग्नात मांडव पडण्यापासून, म्हणजे उभा राहण्यापासून, हळद, लग्न, पाठवणीपर्यंत जे गाणं चालतं तो धवला, आणि तो गाणारी ती धवलारीण. भटजी राहू देत बाजूला, धवलारणीने तोंड उघडल्याशिवाय मुरब्यात लग्न लागत नसे. वय झालेलं, दात गेलेले, आवाज मात्र खणखणीत. पण हल्ली लग्नात भोंगे आले होते. एकीकडे आनंदीआय गायची, दुसरीकडे भोंगा सिनेमाची गाणी ओकायचा. म्हातारीचा त्या भोंग्यावर दात होता, म्हणजे दात नव्हते तरी होता.

एकनाथने तिला विचारलं तेव्हा तिने एकच प्रश्न केला. "तुमचा त्यो बाजा भोंग्यापेक्षा मोटा वाजतो का?"

"आय, भोंगा फुटंल!"

"मंग चल," म्हणाली आणि लुगडं खोचलं.

विल्फीच्या राजदूत फटफटीवर मागे बसून आनंदीआय पालघरला गेली. वाटेत दिसेल त्याला हात करत होती. स्टुडिओत माइकला बोटाने टोचून बघितलं, विडा थुंकून आली आणि म्हणाली, "सांगा, नावं कोणाची?"

"कसली नावं?" विल्फी म्हणाला.

"नवरा-नवरीची रं! रिकामा धवला गायचा नाय. आमच्या घरात सासूपासनं ह्यो नेम हाय. नाव असंल तर गाईन, नाय तर मना घरी सोड. आन् दुसरं, एकदा ज्याच्या नावानं गायला त्याच्यासाठी परत पयल्यापासनं गायचा नाय. दोनदा धवला म्हंजे दोनदा लगीन, तसलं अभद्र माझ्या तोंडून निघायचं नाय."

आता आली का पंचाईत! विल्फी ख्रिस्ती, त्याला धवला लागू नव्हता. दामू घाईघाईने म्हणाला, "माझं एकदा झालंय, मला पुन्हा नको." नामदेवशेटने आतून ओरडून सांगितलं, टेप चालू आहे, वेळ घालवू नका. सगळे एकनाथकडे बघायला लागले. एकनाथ काठ्या हातात घेऊन बसलेला. म्हणाला, "माजंच घ्या."

"आन् नवरी?"

खरं तर कुठलंही नाव सांगता आलं असतं. जगात काय नावांचा दुष्काळ होता? पण गड्याच्या तोंडात वर्षभर एकच नाव घोळत होतं, तेच बाहेर पडलं. "पुष्पलता."

"सुक्याची?"

एकनाथने मान डोलावली. आनंदीआय त्याच्याकडे बघत राहिली. "तिला ठावं हाय?"

"थोडं थोडं."

"बरं," म्हणाली, आणि डोळे मिटून सुरू झाली. तिच्यामागून एकनाथची पिंपं, दामूचा जाड आवाज आणि विल्फीची पत्रा कापणारी गिटार.

*मांडव पडला गो रामूचे दारी*
*एकनाथ नवरा हळदीला बैसला*
*हळद वाटली गो सुक्याचे दारी*
*पुष्पलता नवरी हळदीला बैसली*

नामदेवशेटने कानात घालायला कापूस उचलला होता, तो हातातच राहिला. हळदीपर्यंत गाऊन म्हातारी थांबली. विल्फी म्हणाला, "आजी, अजून आहे ना? गा ना पुढे." ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "पुढचा मांडवात." कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. एकनाथला वाटलं, कोण ऐकतंय आपली कॅसेट? नावं आपली कॅसेटच्या पोटात राहतील.

राहतात थोडीच! नामदेवशेटच्या दुकानातून ती कॅसेट मुरब्याच्या भोंगेवाल्याने नेली. धवला आहे म्हटल्यावर त्याला वाटलं आपलाच माल. एका हळदीला, ऐन संध्याकाळी, सगळा गाव मांडवात असताना त्याने ती लावली. पहिल्यांदा पोरं नाचली, मग बायका नाचल्या, मग तर म्हातारे उठले, कारण अंगात पिंपं घुमत होती आणि वर आपल्याच आनंदीआयचा आवाज. सुका तांडेल स्वतः हात वर करून नाचत होता हो! आणि तेवढ्यात भोंग्यातून आलं, *हळद वाटली गो सुक्याचे दारी.*

तांडेलाचे हात वरच राहिले.

"आगो बाय, ह्ये कवा झालं?" एक बाई म्हणाली. "आमाला आवतन पन नाय!" दुसरी म्हणाली. एकनाथ गर्दीतून सटकून थेट घरी, माळ्यावर. सुका तांडेल त्याच्या मागोमाग अंगणात.

"रामू, बाहेर काढ त्या डबडीला! माझ्या लेकीच्या नावानं भोंगा वाजवतो? उद्यापासून बोटीवर पाय ठेवायचा नाय तू!"

रामूने माळ्याकडे बघितलं एवढंच. माळ्यावरच्या एकनाथला ते फटीतून दिसलं, आणि पिंपात घालून समुद्रात लोटून दिलं असतं तर बरं, असं त्याला झालं. हौस आपली, नाव आपण घेतलं, आणि बोट गेली बापाची. आता पुष्पलताही जाणार होती. हात आयुष्यात पहिल्यांदा आपणहून गप पडले त्याचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळासमोर गावकी बसली. मामला साधा नव्हता. ज्या पोरीचं नाव एकदा धवल्यात आलं ती दुसऱ्या कुणाच्या मांडवात कशी उभी राहणार? कुठला वरबाप तिला करून घेणार? तांडेल म्हणाला, ती कॅसेट मोडा आणि म्हातारीला धवला उलटा गायला लावा.

आनंदीआय पाय पसरून बसली होती. "उलटा धवला मना कोनी शिकवला नाय," ती म्हणाली. "आन् म्या गायलेला एक पन मांडव आजवर मोडला नाय. आता म्हातारपनी ह्यो डाग घेऊन मरू का, सुक्या?"

"मंग लगीन झालं म्हनतेस काय?" पंचांपैकी एकाने विचारलं.

"अर्धं झालं. हलदीपर्यंतच गायलीये मी. काय येडी हाय का? पुढचं पोरीला विचारून गाईन. विचारा तिला."

तेव्हा कुठे एकनाथच्या ध्यानात आलं, म्हातारी स्टुडिओत मध्येच का थांबली होती ते.

तांडेलाने लेकीकडे बघितलं. पुष्पलता बायकांच्या घोळक्यात उभी होती. एकनाथच्या काळजात जे वाजत होतं ते पिंपातही मावलं नसतं. बाबा विचारेल तेव्हा बोलेन, असं ती म्हणाली होती. आता बाबाने विचारलं. तेसुद्धा आवाज न चढवता. "बोल पोरी. तुझ्या मनात काय हाय?"

"मी काय बोलू, बाबा?" ती म्हणाली. "हलद लागली ती लागली. आता आंघोल करून जाते काय?"

बायका फिसफिसल्या, मग खदखदल्या. पंच गालात हसले. सुका तांडेल खाली बघून बराच वेळ वाळूत बोटाने रेघा मारत राहिला. एकुलती एक लेक, आणि तिने चारचौघांत बोलून टाकलेलं. शेवटी म्हणाला, "बरं. रामू, सकाली बोटीवर ये. पन एक सांगतो. माझ्या मांडवात त्यो बाजा वाजायचा नाय. एक डबडं आनायचं नाय."

"नाय कसं?" आनंदीआय म्हणाली. "अर्धा धवला त्या डबड्यांवरच झालाय. म्या तो परत गायचा नाय. लगनात आदी ती कॅसेट लावायची, ती संपली की पुढचा मी गाईन. नायतर लगीन लागायचं नाय."

नेमापुढे तांडेलाचंही काही चालेना. आलिया भोगासी म्हणून कबूल झाला.

वैशाखात लग्न निघालं. मांडव तांडेलाच्या अंगणात. दामूने आपला टेपरेकॉर्डर आणला, दोन भोंगे बांधले. मुंडावळ्या बांधून एकनाथ पाटावर उभा, हातात नारळ. नारळ एवढ्यासाठी दिला असावा की हात रिकामे राहू नयेत. समोर अंतरपाट, पलीकडे पुष्पलता. भटजी घड्याळ बघतायत. आनंदीआयने खूण केली. दामूने कळ दाबली.

आणि भोंग्यातून विल्फी इंग्रजीत किंचाळला! बाजू चुकली होती. अर्ध्या मांडवाला वाटलं हीच वेळ, त्यांनी अक्षता टाकून दिल्या. भटजी ओरडले, "थांबा, थांबा, अजून नाही!" पोरांनी शिट्या मारल्या. सुका तांडेलाने डोळे मिटून घेतले. दामूने घाम पुसत बाजू बदलली, पुढे-मागे करून धवला शोधला. मग मात्र मांडव शांत झाला. मांडव पडला, एकनाथ हळदीला बसला, सुक्याच्या दारी हळद वाटली. आणि *पुष्प...* म्हणून आनंदीआयचा आवाज जाड झाला, घोगरा झाला, आणि मशीन खर्रर्र करून बंद पडलं.

नवरीचं नाव अर्ध्यात तुटलं.

एका म्हातारीने तोंडावर पदर घेतला. दामूने झाकण उघडलं तर तपकिरी फीत चाकाला गुंडाळून तिचा नुसता गोळा झालेला. एकनाथने अंतरपाटाच्या वरून बघायचा प्रयत्न केला, भटजींनी त्याला खाली दाबलं. आनंदीआय पुटपुटली, "म्या परत नाय गायची. नाय गायची मी," आणि पदराचं टोक पिळत होती. आता मोडलं, असं एकनाथला वाटलं. दामूने खिशातून पक्कड काढली. "तेवढी फीत कापतो," म्हणाला, "मग पुढून लावू."

"कातर नाय!"

मांडव दचकला. सुका तांडेल उठला होता. लोकांना बाजूला सारत आला, दामूच्या हातातून मशीन घेतलं आणि नवीन धोतरानिशी खाली मातीत मांडी घालून बसला. गोळा जवळ धरून त्याने नुसता बघितला, कुठून शिरली, कुठे अडकली. मग जाडजूड बोटं कामाला लागली. एक वेढा वर उचलायचा, दुसरा त्याच्या खालून काढायचा, ओढायचं नाही. भटजी म्हणाले, "तांडेल, मुहूर्त..." तांडेल मान वर न करता म्हणाला, "मुरत थांबंल." आणि थांबला की! मुरब्यात सुका तांडेलापुढे मुहूर्ताची काय बिशाद?

फीत सुटली. एकाही जागी फाटली नव्हती. तांडेलाने ती मांडीवर सपाट केली, करंगळी चाकात घालून हळूहळू गुंडाळली, थोडी मागे नेली आणि कॅसेट आत बसवली. पण दामूच्या घाईगडबडीत झाकणाची कडी मोडली होती, ते राहीना. तांडेलाने त्यावर अंगठा दाबून धरला.

"लाव," दामूला म्हणाला.

भोंग्यातून पिंपं वाजायला लागली. *हळद वाटली गो सुक्याचे दारी.* आनंदीआयचा आवाज आला, *पुष्पलता*. जिथे फीत चुरगळली होती तिथे नाव जरासं डुललं, पण आलं, अख्खं आलं. बायकांनी श्वास सोडला. तांडेल एका हाताने मशीन पोटाशी धरून उठून उभा राहिला होता, अंगठा झाकणावर. एकनाथची पिंपं त्या अंगठ्यातून त्याच्या हातात चढत असणार, कारण प्रत्येक ठोक्याला त्याचा हात थोडा हलत होता. आणि रडत होता हो तो, एवढा तांडेल, लपवायला दुसरा हात मोकळा असूनही त्याने तोंड पुसलं नाही.

कॅसेटवरची आनंदीआय थांबली. दुसऱ्याच क्षणी पाटाजवळची आनंदीआय त्याच सुरात पुढे सुरू झाली. ना पिंप, ना भोंगा, नुसता तिचा आवाज. एकनाथचे हात नारळात अडकलेले, मग पायाने पाटावर ठेका धरला त्याने. भटजींनी डोळे वटारले, तरी थांबला नाही. धवला लग्नापर्यंत आला, अंतरपाट सरकला, अक्षता पडल्या. ज्यांनी आधीच टाकल्या होत्या त्यांनी खालच्या उचलून पुन्हा टाकल्या.

पुष्पलताने एकनाथच्या गळ्यात माळ घातली, आणि मग बापाकडे बघितलं. तो अजून तसाच उभा होता.

"बाबा," ती म्हणाली, "अंगठा काढ आता. संपली कॅसेट."

"ऱ्हाऊ दे," सुका तांडेल म्हणाला. "एकनाथ, ही परत लावायची कशी रं?"